घरघर लागलेला अल्बम

आधीच सांगून टाकते. हा अल्बम साडेत्रेचाळीस मिनिटांचा आहे, त्यात सहा तुकडे आहेत, गाणं एकही नाही आणि मुख्य वादक आमचा फ्रिज आहे. तो पूर्ण होऊन लोकांसमोर यायला एकवीस महिने लागले. आवाजावरचं काम त्यातलं जेमतेम दहा महिन्यांचं. बाकीचा काळ वाट बघण्यात, फॉर्म भरण्यात आणि भरलेले फॉर्म परत आल्यावर पुन्हा भरण्यात गेला. प्रयोगशील इलेक्ट्रॉनिक संगीत करायचं म्हणजे वायरी कुठे जोडायच्या हे सांगणारे शेकडो लोक भेटतात, पण नंतर काय करायचं हे कोणी सलग सांगत नाही. म्हणून जसं घडलं तसं, क्रमाने लिहितेय.

जानेवारी २०२३ मध्ये माझ्या डोक्यात फ्रिज नव्हताच. मला माझ्याच आवाजाचे थर एकमेकांवर चढवून काही करायचं होतं. दिवसा नोकरी, त्यामुळे रेकॉर्डिंग रात्री अकरानंतर. प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये स्वयंपाकघरातून फ्रिजची घरघर यायची. आवाज साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरला त्या घरघरीचा नमुना देऊन ती वजा करून पाहिली. घरघर गेली, पण माझा आवाज पाण्याखालून बुडबुड्यांसकट आल्यासारखा झाला. मग रेकॉर्डिंगपुरता फ्रिज बंद ठेवायला लागले आणि दोनदा तो पुन्हा चालू करायचा विसरले. सकाळी काय झालं असेल ते सांगायला नको. यावरचा उपाय रेकॉर्डिंग करणाऱ्या लोकांमध्ये जुनाच आहे, मला उशिरा कळला: फ्रिज बंद करताना घराची किल्ली त्यात ठेवायची. किल्लीशिवाय बाहेर पडता येत नाही, त्यामुळे फ्रिज आठवतोच.

मार्चमध्ये कंटाळून मी त्या घरघरीचाच आलेख स्क्रीनवर लावून बघितला. १०० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला शंभर कंपांपाशी, एक सरळसोट खांब, मग २००, ३००, ४०० ला त्याहून बुटके. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते तिथे मोटरच्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यावर प्रत्येक आवर्तनात दोनदा ताण येतो, म्हणून गुणगुण दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झची. वीज ६० हर्ट्झची असेल तिथे ती १२० ची. आता १०० हर्ट्झ हा सूर पेटीवर कुठे बसतो ते पाहिलं, तर कुठेच नाही. पांढरी पाचच्या वर ३५ सेंट (पेटीवरच्या लगतच्या दोन सुरांमधलं अंतर म्हणजे १०० सेंट), म्हणजे पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधल्या फटीत. गायक आपली पट्टी सांगतो आणि साथीदार लावून घेतात. इथे गायक फ्रिज होता आणि तो काही खाली उतरणार नव्हता. मी सगळे सिंथ, म्हणजे विजेवर सूर तयार करणारे सिंथेसायझर, ३५ सेंट वर सरकवले आणि त्याच्यासोबत एक साधा षड्ज-पंचम धरला. तीन महिने ज्याला शिव्या घातल्या तो तंबोऱ्यासारखा मागे बसला होता.

आपल्याला काहीतरी अगदी नवं सुचलंय हा भ्रम साधारण आठवडाभर टिकला. मग वाचनात आलं की १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ला माँट यंग, जॉन केल वगैरे प्रयोगशील संगीतकारांनी तिथल्या ६० हर्ट्झच्या विजेच्या गुणगुणीलाच आधार धरून सूर लावले होते. पुढे १९७० पासून यंग किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. आधी थोडी हिरमुसले, मग बरं वाटलं. गोंगाटाला संगीत मानणाऱ्यांची वंशावळ तर त्याहूनही जुनी आहे. इजिप्तचे संगीतकार हलीम अल-दब यांनी १९४४ साली कैरोमध्ये तारेवर ध्वनिमुद्रण करणारं यंत्र वापरून असे प्रयोग केले, आणि १९४८ साली पॅरिसच्या रेडिओवर फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांनी रेल्वेच्या आवाजांची रचना ऐकवली. आपण पहिले नाही हे एकदा पचलं की कामाला सुरुवात करता येते, असा निदान माझा अनुभव.

एप्रिल ते डिसेंबर २०२३ हा काळ प्रत्यक्ष कामाचा. साधनं फार नव्हती. एक ध्वनिमुद्रक, एक चांगला हेडफोन आणि पिएझो चकतीचे दोन कॉन्टॅक्ट माइक. हे माइक हवेतला आवाज जवळजवळ ऐकतच नाहीत, ज्याला चिकटवाल त्याचं कंपन ऐकतात. कॉम्प्रेसरवर लावला की जाड घोरणं, मागच्या जाळीवर लावला की द्रव वाहताना होणारी पुटपुट, दारावर लावला की आतल्या बाटल्यांचं किणकिणणं. कॉम्प्रेसर बंद होताना सगळं अंग झटकून गप्प होतो, तो क्षण तर चौथ्या तुकड्याचा पायाच झाला. सॉफ्टवेअरपैकी बरंच फुकट मिळणारं: आवाज घडवायला प्युअर डेटा आणि सुपरकोलायडर, आणि आवाज रबरासारखा शेकडो पट ताणणारं पॉलस्ट्रेच. नव्याने सुरू करणाऱ्यांना मी हेच सांगेन की वर्षभर काही विकत घेऊ नका. मला जे मॉड्युलर सिंथ (सुटे भाग वायरींनी जोडून बनवायचा सिंथ) घ्यायचे डोहाळे लागले होते ते जूनमध्ये आपोआप ओसरले.

एक तांत्रिक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून करा. रेकॉर्डिंग ९६ किलोहर्ट्झवर घ्या, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ९६ हजार नमुने. फाइल मोठी होते, पण नंतर वेग निम्मा केला की आवाज एक सप्तक खाली येतो आणि तरीही मातीत गेल्यासारखा वाटत नाही, कारण माणसाच्या कानापलीकडचे कंपही, माइकने टिपले असतील तर, खाली उतरून ऐकू येऊ लागतात. बाटल्यांचं किणकिणणं दोन सप्तकं खाली आणलं तेव्हा देवळातली घंटा झाली. दुसऱ्या तुकड्यात ऐकू येते ती तीच.

आईला या सगळ्याचं काय वाटत होतं, हे तिच्या एका वाक्यात आहे. फोनवर तिने विचारलं, "अगं, बिघडलाय तर दुरुस्त करून घे ना, रेकॉर्ड कशाला करतेस?" नातेवाइकांना मी म्युझिक प्रोड्यूसर आहे हे सांगणंही सोडून दिलं. त्यांना प्रोड्यूसर म्हणजे पैसे घालणारा वाटतो. तसं ते चूक नाही.

ऑगस्टमध्ये हार्ड डिस्क गेली. पाच आठवड्यांचं काम त्यात होतं आणि दुसरी प्रत नव्हती. 'तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर' हा नियम मला तोंडपाठ होता, पाळत नव्हते इतकंच. त्या आठवड्यात मी काहीही केलं नाही, नुसती झोपून होते. मग नव्याने सुरुवात करताना फाइलींना नावं देण्याची शिस्त लावली: तारीख, जागा, माइक कुठे, किती वेळ. 'फ्रिज नवा शेवटचा खरंच शेवटचा' या प्रकारच्या नावांनी माझे जितके तास खाल्ले तितके कोणत्याही फॉर्मने नाहीत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मोग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारला होता. तिथे झालेलं काम दशकानुदशकं टेपांमध्ये पडून राहिलं आणि आपल्या काळात कोणीतरी ते शोधून ऐकलं. टेप टिकल्या म्हणून ते ऐकता आलं. माझ्या डिस्कमधल्या पाच आठवड्यांना ते भाग्य नाही.

आता सगळ्यात अवघड प्रश्न, ज्याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही: तुकडा संपला हे कसं ओळखायचं? गाण्याला मुखडा-अंतरा असतो, समेवर येणं असतं. घरघरीला कसली सम? तिसरा तुकडा मी अकरा वेळा 'पूर्ण' केला. शेवटी एक यांत्रिक उपाय केला. तुकडा निर्यात करायचा, दहा दिवस ऐकायचा नाही, मग चालताना एकदाच ऐकायचा आणि जिथे मन भरकटलं तिथली वेळ लिहून ठेवायची. एकाच ठिकाणी दोनदा भरकटलं तर तिथे कात्री. तिसरा तुकडा चौदा मिनिटांवरून सात मिनिटांवर आला. दुःख झालं, पण तो सुधारला.

याच सुमारास कळलं की माझा मुख्य वादक मोबाइलवर ऐकूच येत नाही. फोनचा इवलासा स्पीकर १०० हर्ट्झ वाजवू शकत नाही. दोन रात्री हबकून बसले. मग कानाचीच एक खोड उपयोगी पडली: २००, ३००, ४०० हे वरचे स्वर बरोबर अंतराने ऐकू आले की मेंदू खालचा १०० स्वतःच भरून काढतो. त्यामुळे खालचा सूर वाढवण्याऐवजी मी त्यात किंचित विकृती घालून वरचे स्वर ठळक केले. फोनवर फ्रिज पुन्हा हजर. खर्च शून्य.

कानांबद्दलही इथेच सांगते. नोव्हेंबरमध्ये सलग चार रात्री हेडफोन लावून काम केल्यावर डाव्या कानात बारीक शिट्टी वाजायला लागली, ती दोन दिवस थांबेना. डॉक्टरांकडे गेले, श्रवणचाचणी झाली, निकाल ठीक आला, पण भीती बसली. कामाच्या जागची सुरक्षितता आणि आरोग्य पाहणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. संथ, एकसुरी आवाज असेल तर आपण तो हळूहळू वाढवत नेतो आणि ते कळत नाही. मी आता आवाजाच्या बटणावर एक चिकटपट्टी लावलीय आणि तिच्या पुढे जात नाही.

जानेवारी २०२४ मध्ये सहा तुकडे हातात होते. तेव्हा वाटलं, एखाद्या छोट्या लेबलने, म्हणजे अल्बम प्रकाशित करणाऱ्या कंपनीने, घ्यावं. सतरा ठिकाणी लिहिलं. पहिल्या पाच पत्रांत मी स्वतःबद्दल तीन परिच्छेद आणि सोबत फाइली जोडण्याचा गाढवपणा केला, त्यांपैकी कोणाचंच उत्तर आलं नाही. नंतरच्या बारांना चार ओळी: मी कोण, हे काय आहे, किती मिनिटांचं, आणि थेट ऐकता येईल असा एकच खासगी दुवा, पासवर्ड न विचारणारा. चार उत्तरं आली. दोन सभ्य नकार. एकाने लिहिलं की पुढच्या दीड वर्षाचं वेळापत्रक भरलंय. चौथ्याने लिहिलं की तिसरा तुकडा त्याने तीनदा ऐकला, पण लेबल आता बंद करतोय. मला वाटतं ते आजवरचं माझं सगळ्यात चांगलं परीक्षण आहे. प्रत्येकाला चार आठवड्यांनी एकदा, फक्त एकदाच, आठवण करून द्यायची असं ठरवलं होतं. एप्रिल संपेपर्यंत वाट बघितली आणि मग स्वतःच प्रकाशित करायचं ठरवलं.

मे महिन्यात मास्टरिंग, म्हणजे प्रकाशनाआधी आवाजावरचा शेवटचा हात. एकूण खर्चाचे दहा भाग धरले तर चार यावर गेले, आणि ते मी पुन्हाही घालेन. दुसऱ्या कोणीतरी ताज्या कानांनी ऐकणं गरजेचं असतं. तीन आठवड्यांनी फाइली आल्या, सोबत आनंदाने लिहिलेली टीप: सगळ्या तुकड्यांत १०० हर्ट्झवर विजेची गुणगुण शिरली होती, ती आणि तिचे वरचे स्वर पूर्ण काढून टाकले आहेत.

मी हसले की रडले ते आठवत नाही. काम इतकं सफाईदार होतं की अल्बममध्ये फक्त सिंथ उरले होते, ३५ सेंट चढे, कोणाच्या तरी साथीला बसलेले आणि तो कोणीतरी उठून गेलेला. चूक माझी होती. मी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. त्यांनी बिचाऱ्यांनी दुसऱ्यांदा करताना पैसे घेतले नाहीत, पण आणखी अडीच आठवडे गेले. तेव्हा मास्टरिंगला देताना एक पान लिहून द्याच: काय मुद्दाम आहे, कुठला करकराट चूक नाही, कुठली शांतता शांतताच ठेवायची, दोन तुकड्यांत किती सेकंदांचं अंतर. आवाजाच्या पातळीबद्दल एवढंच की स्ट्रीमिंगवर सगळं साधारण उणे १४ लफ्सच्या (कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आसपास आणून ठेवतात, त्यामुळे मोठ्याने ओरडून काही मिळत नाही. मी माझा संथ अल्बम त्याहून हळूच ठेवला.

जूनपासून कागदपत्रं. पहिल्यांदा समजून घ्यायची गोष्ट अशी की तुमच्या एका तुकड्यात दोन मालमत्ता असतात, रचना वेगळी आणि त्या रचनेचं ध्वनिमुद्रण वेगळं. ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरी-अंकी क्रमांक असतो, रचनेला आयएसडब्ल्यूसी, आणि अख्ख्या अल्बमला दुकानातल्या वस्तूसारखा बारकोड क्रमांक. आयएसआरसी बहुतेक वितरण सेवा, म्हणजे अल्बम स्ट्रीमिंगवर पोचवणाऱ्या कंपन्या, स्वतःच देतात. तो लिहून ठेवा. उद्या वितरक बदललात तर तोच क्रमांक पुन्हा वापरायचा, नाहीतर तोच तुकडा नव्याने जन्मल्यासारखा शून्यावरून मोजला जातो. रचनेच्या हक्कांसाठी आपण राहतो तिथल्या संगीतकारांच्या संस्थेचं सदस्यत्व घ्यावं लागतं. माझा अर्ज अकरा आठवडे चालला. एकदा सहीचा नमुना जुळला नाही म्हणून परत, एकदा बँकेचा कागद तीन महिन्यांपेक्षा जुना म्हणून परत. त्यात प्रत्येक रचनेचे वाटेकरी आणि त्यांची टक्केवारी भरायची असते, बेरीज १०० व्हायला हवी. पाचव्या तुकड्यात माझ्या मैत्रिणीने चेलो वाजवलाय. तिचा वाटा किती हे आम्ही वाजवायच्या आधीच एका कागदावर लिहून दोघींनी सह्या केल्या होत्या, तेव्हा ते जरा जास्तच औपचारिक वाटलं होतं. फॉर्म भरताना तो कागद समोर असल्याचं जे सुख झालं ते काय सांगू. फ्रिजला वाटा द्यावा लागला नाही.

वितरण सेवा निवडताना एकच हिशेब करा. काही ठिकाणी दरवर्षी वर्गणी असते आणि ती थांबली की अल्बम खाली उतरतो. काही ठिकाणी एकदाच पैसे. माझ्यासारखं सावकाश ऐकलं जाणारं काही असेल तर एकदाच देणं परवडतं. तिथला फॉर्म मात्र गाण्यांसाठी बनवलेला. गायक कोण? गीतकार कोण? शब्दांची भाषा कोणती? यादीत तळाशी 'भाषिक आशय नाही' असा पर्याय सापडला. भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतयादीत त्यालाही स्वतःचा संकेत आहे, झेड-एक्स-एक्स. कुठल्याच भाषेत नसलेल्या गोष्टीलाही कोणीतरी रकाना करून ठेवलाय, याचं मला का कोण जाणे फार अप्रूप वाटलं.

अल्बम तीनदा परत आला. पहिल्यांदा मुखपृष्ठ 'अस्पष्ट' म्हणून. ते धुकं धरलेल्या काचेचं छायाचित्र होतं, अस्पष्ट असणं हाच त्याचा मुद्दा. समजावून सांगणारं पत्र लिहिलं, यंत्राने तेच उत्तर पुन्हा पाठवलं. शेवटी काचेची एक कड नेटकी दिसेल असं छायाचित्र काढलं, ३००० गुणिले ३००० पिक्सेलचं. दुसऱ्यांदा तुकड्यांची नावं नुसते आकडे आहेत म्हणून. मी 'एक' ते 'सहा' ठेवली होती. मग एका संध्याकाळी बसून नावं दिली, आणि खरं सांगते, ती आकड्यांपेक्षा चांगली आहेत. तिसऱ्यांदा सहाव्या तुकड्याच्या शेवटी चाळीस सेकंद शांतता आहे म्हणून. ती मी अकरा सेकंदांवर आणली. फ्रिज थांबल्यानंतरच्या शांततेला चाळीस सेकंद लागतात असं माझं आजही म्हणणं आहे, पण प्रत्येक परतीला आठ-दहा दिवस जात होते आणि २० सप्टेंबरच्या शुक्रवारची ठरलेली तारीख आधीच हातातून गेली होती. प्रकाशन शुक्रवारीच का, तर २०१५ पासून जगभर तीच पद्धत आहे. स्ट्रीमिंग सेवांच्या संपादकांकडे तुकडा सुचवायचा तर निदान सात दिवस आधी, पण मी म्हणेन महिनाभर हाताशी ठेवा.

कॅसेटबद्दल थोडक्यात. पन्नास प्रती केल्या, पाच आठवडे लागले, दहातले तीन भाग खर्च झाला. दोन्ही बाजू जवळपास सारख्या लांबीच्या हव्यात म्हणून तुकड्यांचा क्रम बदलावा लागला, २१ मिनिटं आणि साडेबावीस. बदललेला क्रम मूळ क्रमापेक्षा बरा निघाला. विनाइलचा विचार केला होता, पण छोट्या संख्येत ती परवडत नाही आणि तिची रांग महिन्यांची असते.

१८ ऑक्टोबर २०२४ला अल्बम आला. सकाळी उठून बघते तर तो माझ्या नावाच्या दुसऱ्याच कलाकाराच्या पानावर. तो नाचायची गाणी करतो आणि त्याचे चाहते माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. दीड दिवस माझी घरघर त्याच्या श्रोत्यांना 'नवीन' म्हणून दाखवली जात होती. त्यांचं काय झालं असेल? कलाकाराचं पान आधीच ताब्यात घेऊन वितरकाला त्याचा क्रमांक कळवला असता तर हे टळलं असतं. नाव ठरवण्याआधी ते सगळीकडे शोधून बघा, हेही आलंच. दुरुस्तीला चार दिवस लागले, आणि गंमत म्हणजे त्या चार दिवसांत जितकं ऐकलं गेलं तितकं पुढच्या दोन महिन्यांत नाही.

पैशांचं उघडच सांगते, कारण याबद्दल कोणी बोलत नाही. स्पॉटिफायवर २०२४ पासून असा नियम आहे की आधीच्या बारा महिन्यांत १००० वेळा वाजला नाही तर त्या तुकड्याच्या ध्वनिमुद्रणाचं मानधन सुरू होत नाही. माझ्या सहापैकी एकच तुकडा तिथवर पोचला. बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकार जिथे थेट श्रोत्यांना संगीत विकतात त्या संकेतस्थळावर, डिजिटल विक्रीतले १५ टक्के त्यांचे, विक्री ५००० डॉलरच्या पुढे गेली की १० टक्के. मार्च २०२० पासून ते अधूनमधून एखाद्या शुक्रवारी आपला वाटा सोडतात. माझी निम्मी विक्री अशा एका शुक्रवारी झाली. एकेचाळीस डाउनलोड आणि सदतीस कॅसेटा. वर्षअखेरीला, घातलेल्या दहा भागांपैकी साडेतीन परत आले. उरलेल्या तेरा कॅसेटा कपाटात आहेत. नोकरी सोडायचा विचार कोणी करत असेल तर त्याने आधी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं, तीस मिनिटं. आयोजकांनी दोन आठवडे आधी एक पान मागितलं होतं: किती चॅनेल, कुठल्या पिना, टेबल किती लांब, विजेचे किती सॉकेट. पान नेमकं लिहिलं तर तिथे गेल्यावर माणसं तुम्हाला गंभीरपणे घेतात. लॅपटॉपवर बिघाड झाला तर म्हणून सगळा कार्यक्रम वेगळ्या रेकॉर्डरवर सलग भरून तोही मिक्सरला जोडून ठेवला होता. गरज पडली नाही, पण हात कमी थरथरले.

ध्वनिव्यवस्थेचे दादा पन्नाशीचे होते, मितभाषी. जोडणी झाल्यावर सभागृहात एक गुणगुण सुरू झाली. त्यांनी वायरी बदलल्या, जमिनीची जोडणी तपासली, मध्ये डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडायची छोटी पेटी) टाकून जमिनीची ती जोडणी तोडली. वीस मिनिटं घाम गाळून त्यांनी ती बंद केली. मग मी माझी पहिली फाइल लावली. ते थबकले. "ताई, ही पुन्हा कुठून आली?" मी सांगितलं की ही माझ्याकडचीच, आणि चाचरत विचारलं की मघाची परत आणता येईल का. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि डीआय बॉक्सचं बटण उलटं दाबलं.

विजेची वारंवारता दिवसभर अगदी ५० वर खिळलेली नसते, मागे-पुढे सरकत असते. त्या संध्याकाळची वीज माझ्या २०२३ च्या रेकॉर्डिंगमधल्या विजेपेक्षा केसभर पुढे होती. दोन गुणगुणी एकमेकींवर पडल्या आणि दर दहा-बारा सेकंदांनी सभागृहात एक लाट फुगून ओसरायला लागली. दोन तंबोरे अगदी जवळ पण तंतोतंत न जुळलेले असावेत तशी. ती अल्बमवर नाही. मी ठरवलेलं अर्धंअधिक काही वाजवलंच नाही, त्या लाटेच्या मागे मागे गेले. समोर एकोणीस माणसं होती, त्यातली दोन मध्येच उठून गेली. दादा मात्र हात बांधून शेवटपर्यंत उभे होते. सामान आवरताना म्हणाले, "तीस वर्षं हीच बंद करतोय मी."

जुलैमध्ये फ्रिजला खरोखरच घरघर लागली. आई आली होती, तिनेच मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला कॉम्प्रेसर गेलाय, यात पैसे घालण्यात अर्थ नाही. मी त्याला अर्धा तास थांबायला सांगितलं आणि माइक चिकटवले. आईने काही न बोलता त्याला चहा दिला. नवीन फ्रिज इन्व्हर्टरवाला आहे. त्याची मोटर गरजेप्रमाणे वेग बदलते, त्यामुळे त्याचा सूर एका जागी राहतच नाही. काल रात्री साडेअकराला सिंथ घेऊन त्याच्यासमोर बसले होते. पांढरी तीनच्या आसपास जुळवत आणलं, तेवढ्यात आईने पाण्याची बाटली काढायला दार उघडलं आणि तो चढत चढत पार काळी तीनपर्यंत गेला.